ताल सगळ्यांना सारखाच, मग ठोके वेगळे का?

सामूहिक ट्रान्समध्ये, म्हणजे विधीत किंवा नाचात सगळ्यांचं भान हरपतं तेव्हा, तालवाद्यांचा ठेका आणि एकत्र हालचाल, एवढ्यानेच सगळ्यांची शरीरं एका लयीत येतात, असं म्हणतात. अर्धंच पटतं. सोबत नाचताना श्वास जुळतो, नाडीही जुळत असेल. पण स्पेनमधलं सान पेद्रो मानरिके हे गाव बघा. तिथे २३ जूनच्या रात्री माणसं अनवाणी निखाऱ्यांवरून चालत जातात, बहुतेक जण पाठीवर आपल्याच कुणाला तरी घेऊन. (याला ट्रान्स म्हणायचं की नाही यावर वाद होऊ शकतो, पण मुद्दा तोच आहे.) इव्हाना कोन्व्हालिंका, दिमित्रिस झिगलाटास हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांचे आणि बघणाऱ्यांचे हृदयाचे ठोके नोंदवले, निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. चालणाऱ्याच्या ठोक्यांचा चढउतार त्याच्या नातेवाईक-मित्रांच्या ठोक्यांत उमटला होता. बाहेरून आलेल्या अनोळखी प्रेक्षकांत तो दिसला नाही. आवाज तोच, जाळ तोच, आणि आपले काय, अनोळखी काय, दोघेही नुसते बघत होते! म्हणजे हालचाल जुळल्याशिवायही ठोके जुळले, आणि फरक पडला तो नात्याने.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चालणाऱ्यांना नंतर विचारलं तेव्हा आपण शांत होतो असं त्यांना आठवत होतं, नोंदीत मात्र ठोके प्रचंड वाढलेले होते. तेव्हा अशा विधींचे स्वानुभव लिहिणाऱ्यांना एक विनंती: त्या वेळी तुमच्या जवळच्या माणसाला शरीरात काय जाणवत होतं, तेही त्यांना विचारून लिहा.