शब्दचर्चा : फँड्री

रानफूल : नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ सिनेमा परवा भाचरांना दाखवला. जब्या-पिऱ्याची दोस्ती, जब्याला आवडणारी शालू वश व्हावी म्हणून तिच्यावर टाकायच्या राखेसाठी काळ्या चिमणीमागे केलेली वणवण, यात पोरं रंगली. संपल्यावर पहिला प्रश्न, ‘मावशी, फँड्री म्हणजे काय?’ डुक्कर, एवढं मला ठाऊक होतं. पण शब्द मराठी वाटत नाही, माझ्याकडच्या कोशातही सापडला नाही. कुठला आहे? शिवाय थोरल्यानं धाकट्याला लगेच ‘ए फँड्री’ म्हणायला सुरुवात केलीय.

सोलापूरकर : कैकाडी भाषेतला शब्द आहे. कैकाडी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविडी कुळातली, तमिळच्या जवळची. डुकराला तेलुगूत ‘पंदि’, मल्याळममध्ये ‘पन्नि’ आणि आमच्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘हंदि’. कन्नडमध्ये जुन्या ‘प’चा ‘ह’ झाला. तमिळ ‘पाल’ म्हणजे दूध, ते कन्नडमध्ये ‘हालु’. ‘पुलि’ म्हणजे वाघ, तो ‘हुलि’. त्याच हिशेबानं ‘पंदि’चं ‘हंदि’. फँड्री याच गोतावळ्यातली.

चेन्नईकर : भर घालतो. तमिळ लिपीत हा शब्द जसा लिहितात, तसा वाचला तर ‘पन्ड्री’च्या जवळ जातो. पण इथे रस्त्यावर कोणी तसं म्हणत नाही, सगळे ‘पन्नी’ म्हणतात. एकाला ‘ओन्ड्रु’ लिहायचं आणि ‘ओण्णु’ बोलायचं, तसंच हे. म्हणजे चेन्नईच्या बोलण्यातून झिजलेला ‘ड्र’ नगर-सोलापूरकडच्या कैकाडी घरांत शाबूत आहे! आमच्या तमिळ शेजाऱ्यांना मी सिनेमाचं नाव नुसतं सांगितलं, तर ते म्हणाले, ‘डुकराबद्दल आहे का?’

वेलांटी : लेखनाबद्दल. ‘फँड्री’तला ँ हा नुसता अनुनासिक नाही, ॅ आणि अनुस्वार यांची जोडी आहे. ‘बँक’, ‘पँट’ म्हणतो तसा उच्चार करायचा. ‘फांड्री’ किंवा ‘फंड्री’ नको.

सोलापूरकर : थोरल्या भाच्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. डुकराला मराठीत शिव्यांचा काय तोटा? तरी सिनेमात गावची पोरं कैकाडी घरातल्या जब्याला ‘डुकऱ्या’ न म्हणता ‘फँड्री’ म्हणतात, इथे सगळी मेख आहे. हा त्याच्या घरचा शब्द. गावानं या घराकडून दुसरं काही घेतलेलं नाही, भाषा तर नाहीच. उचलला तो एवढाच शब्द, तोही मारायला. परक्या भाषेतली शिवी माणूस अंगावरून झटकू शकतो. आपल्या आईच्या तोंडचा शब्द दुसऱ्यानं फेकून मारला, तर तो कसा झटकणार? म्हणून भाच्याला दटावण्यापेक्षा डुक्कर पकडायचा प्रसंग पुन्हा दाखवा. शाळेशेजारी सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, बघ्यांत शालू आहे आणि तिला दिसू नये म्हणून जब्या आडोसा शोधतोय. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर काही थांबत नाही. हे बघून झाल्यावर शब्दाचं वजन पोराला वेगळं सांगावं लागणार नाही.

कैकाडी हे मूळचे टोपल्या-कणग्या विणणारे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ साली रद्द झाला. त्या कायद्याच्या जाचातून सुटलेल्यांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात कैकाडी त्या यादीत आहेत. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत मात्र तेच लोक अनुसूचित जातीत. जिल्हा बदलला की दाखला बदलतो, हा आपल्याकडचा कारभार.

रानफूल : पटलं, तो प्रसंग पुन्हा लावते. आता ‘जब्या’बद्दल. धाकटी विचारतेय, मित्रही जब्या म्हणतो आणि छळणारेही जब्याच म्हणतात, मग राग कधी यायचा?

घाटावरचा : पोरगी हुशार आहे. मराठीतला हा ‘या’ दुधारी आहे. जांबुवंताचा जब्या, पिराजीचा पिऱ्या, गणपतचा गण्या. बरोबरीच्यानं म्हटलं तर सलगी, वरच्यानं खालच्याला म्हटलं तर पायरी दाखवणं. ठरतं ते उलट हाकेवरून. पिऱ्यानं ‘जब्या’ म्हटलं की जब्या त्याला ‘पिऱ्या’ म्हणू शकतो. पाटलाच्या पोरानं म्हटलं तर उलट तसं म्हणायची सोय नाही. मुलीला एवढंच सांगा : उलट म्हणता येत असेल तर मैत्री.

बापाच्या नावाकडेही बघा, कचरू. हे नाव अपमान म्हणून ठेवत नसत. मुलं जगत नसली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव द्यायचे, म्हणजे नजर लागत नाही आणि काळ फिरकत नाही. आईबापांनी जीव वाचवायला ठेवलेलं नाव. पुढे गाव ते कसं उच्चारतं, ते कचरू झालेल्या किशोर कदमांच्या खाली गेलेल्या मानेत दिसतं.

वेलांटी : आमच्या कोकणात त्यासाठी धोंडू, भिकू. धोंडू तर सगळ्या जातींत सापडेल. आमच्या पणजोबांचं नाव भिकाजी होतं, त्यांच्या आधीची चार भावंडं गेली होती म्हणून.

घाटावरचा : आमच्याकडे केरू आणि दगडू. मुलगी असेल तर धोंडी, दगडी. ‘नकोशी’ मात्र यात धरू नका, त्या नावामागे माया नसते.