गीझरच्या पॉइंटचा दर

"एका गीझरच्या पॉइंटला एवढे पैसे?" असं एकानं विचारलंय. मी वायरमन आहे, म्हणून सांगतो. २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खेचतो. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर हवी, निदान २.५ चौरस मिमीची. शिवाय १६ अँपिअरचं सॉकेट, वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग. भिंत फोडून पाइप टाकायचा, परत बुजवायचा, त्यात अर्धा दिवस सहज जातो. स्वस्तात करणारा दिव्याच्या १.५ च्या वायरीलाच जोड मारतो आणि अर्थिंग सोडून देतो. वरून काहीच कळत नाही, पण बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. मजुरीत घासाघीस जरूर करा; अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) मात्र वगळायला लावू नका. माल महाग वाटत असेल तर स्वतः दुकानातून आणा, मजुरी वेगळी लिहून घ्या.