रिसेप्शनच्या फोटोत चष्म्यावर येणारी चमक: मदत हवी आहे

नवरीला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे ६. कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नाहीत, आणि चष्म्याशिवाय समोरचा पाहुणा ओळखू येत नाही. त्यामुळे 'चष्मा काढा' सोडून काहीही सुचवा. काचांना अँटी-ग्लेअर आहे, तरी फ्लॅशचा हिरवट ठिपका नेमका बुबुळावर बसतो.

फोटोग्राफर छत्रीचे दोन लाइट स्टेजच्या दोन बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर लावतो. छत गडद लाकडी, म्हणजे फ्लॅश वर मारून उपयोग नाही.

घरी एलईडी लाइटवर करून पाहिलेलं:

चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंमी उचलल्या. काच खाली झुकते, चमक जाते. पण बाजूच्या फोटोत काडी अधांतरी दिसते आणि हसलं की चष्मा घसरतो.

नुसती हनुवटी खाली घेतली तर दुहेरी हनुवटी दिसते. आधी चेहरा दोन बोटं पुढे काढून मग किंचित खाली घेतला की जबडा रेखीव येतो. एका फोटोला उत्तम, दोन तास उभं राहून अशक्य (मान धरते!).

लाइट डोळ्यांच्या वर दोन फूट नेला. चमक गेली, पण फ्रेमची काळी रेघ गालावर आणि डोळ्यांखाली खड्डे.

हा तिसरा उपाय सुधारता येईल असं वाटतं. सावली भरायला कमरेच्या उंचीवर पांढरा थर्माकोल धरला तर तो झुकलेल्या काचेत उलट दिसेल का? की लाइट वरच ठेवून आणखी बाजूला न्यावेत, आणि किती?