सुरुवातीचं विश्व आवरलेलं होतं की नुसता एकजीव काला?

शेवटची बस
परवा भाच्याला एन्ट्रॉपी (पसाऱ्याचं माप) समजावत होते. नेहमीचंच: पसारा आपोआप वाढतो, आवरायला कष्ट पडतात. पोरगं म्हणालं, "मावशी, मग सुरुवातीला विश्व आवरलेलं असणार. पण तेव्हा तर सगळीकडे सारखाच गरम वायू होता ना? म्हणजे साखर विरघळून झालेला चहा!" मी गप्प.

त्याचं काही चुकलं नव्हतं. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना न्यू जर्सीतल्या अँटेनात न जाणारी खरखर म्हणून सापडला. आज त्याचं तापमान २.७२५ केल्विन. आपल्या स्वतःच्या गतीचा परिणाम वगळला, तर कुठल्याही दिशेला फरक लाखात एखाद्या भागाचा. वर्णपट बंद भट्टीसारखा, चोख समतोलाचा. समतोल म्हणजे कमाल एन्ट्रॉपी. मग ती पुढे वाढली कशी?

माझं मत, घोळ 'पसारा' या शब्दाचा आहे. ताक बघा. घुसळल्याबरोबर एकजीव, थोड्या वेळाने निवळ वर आणि दाट खाली. गुरुत्व असलं की एकजीव असणं हीच दुर्मीळ अवस्था, गोळा होणं हा सहज कल. वायू आकसतो, तापतो, उष्णता बाहेर टाकतो, तारे होतात, काहींची शेवटी कृष्णविवरं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर ४० लाख सूर्यांएवढं कृष्णविवर आहे. त्या एकट्याची एन्ट्रॉपी दृश्य विश्वातल्या या सगळ्या जुन्या प्रकाशापेक्षा जास्त भरते. आरंभी प्रकाश आणि वायू समतोलात होते, गुरुत्वाने मात्र अजून हातही लावला नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज हेच सांगत आलेत.

शंकासुर
ताक आवडलं, निष्कर्ष नाही. ताकाला पातेल्याचा तळ असतो. इथे तळ नाही आणि पातेलं सारखं फुगतंय! कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीचं सूत्र बेकेनस्टाइन-हॉकिंग यांनी दिलं. पसरलेल्या वायूच्या गुरुत्वाची एन्ट्रॉपी काढायचं सर्वमान्य सूत्र दाखवा. तारा ऊर्जा गमावून आणखी तापतो. असल्या वस्तूंना 'समतोल' हा शब्दच धड बसत नाही. मोजता येत नाही ती गोष्ट 'कमी होती' म्हणणं म्हणजे बाजारात तुरी.

शेवटची बस
सूत्र नाही, मान्य. पण पेनरोज यांचा हिशोब वायूवर उभाच नाही. दृश्य विश्वातला सगळा ऐवज एकाच कृष्णविवरात कोंबला तर एन्ट्रॉपी किती, हे तुमच्याच सूत्राने काढायचं: १ वर १२३ शून्यं. त्यापुढे प्रकाशाचा आकडा, १ वर ८८-८९ शून्यं, म्हणजे किरकोळ. दरी तेवढ्यानेच दिसते. वायूचा वाटा काही का असेना.

काठावरचा
एवढं डोकं कशाला? इन्फ्लेशन आहे ना (महागाईवालं नव्हे, हलके घ्या). अ‍ॅलन गुथ यांची १९८१ची कल्पना. क्षणार्धात विश्व प्रचंड ताणलं गेलं, सुरकुत्या गेल्या, सपाट झालं. प्रश्न मिटला.

शंकासुर
इथे मी बाईंच्या बाजूने. ते ताणणं सुरू व्हायलाच आधी बऱ्यापैकी गुळगुळीत तुकडा लागतो. रवी कुठून आली ते सांगा, मग घुसळा.

कोरा कागद
तिघांनाही असहमत. फासा एकदाच पडलाय. तो किती नवलाचा पडला हे ठरवायला बाकीचे फासे कुठे आहेत? सुरुवात अशी होती, एवढंच. निसर्गनियमाला आपण 'का' विचारतो का?

शेवटची बस
विचारतो की! आणि हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. सूर्याकडून आलेल्या एका फोटॉनमागे (प्रकाशकणामागे) पृथ्वी सुमारे २० अवरक्त फोटॉन अवकाशात परत टाकते. ऊर्जा तेवढीच, एन्ट्रॉपी वाढीव. झाडं, गुरं, आपण, सगळे त्या फरकावर जगतो. आणि सूर्य गोळा होऊ शकला तो त्या एकजीव सुरुवातीमुळे. 'असंच होतं' म्हणून कसं भागेल?

कोरा कागद
भागतं. पगार कुठून येतो हे न कळताही जेवण होतंच.

शंकासुर
अवांतर: भाच्याचं काय झालं?

शेवटची बस
ताक दाखवलं. विचारतो, "घुसळलं कोणी?" कृपया समुद्रमंथन कोणी आणू नका.