झुकोचा बाप त्याच्याशी असा का वागतो?

चहाबिस्कुट:
अवतार द लास्ट एअरबेंडर ही कार्टून सिरीयल आत्ता कुठे बघायला घेतलीय (२००५ ची आहे, माहितीये, हसू नका) आणि वादळाचा एपिसोड बघून डोकंच फिरलं. झुको, १३ वर्षांचं पोर, मीटिंगमध्ये एवढंच बोलतं की नव्या भरतीच्या सैनिकांना मुद्दाम मरायला का पाठवताय, तर त्याचा बाप, राजा ओझाई, भर लोकांत त्याचं तोंड भाजतो?? पोर गुडघ्यावर बसून रडत माफी मागतंय तरी! सख्खाच बाप ना हा?

रातकिडा:
सख्खाच. पण त्याला मुलगा नकोच आहे, हत्यार हवंय, आणि ते झुकोच्या बहिणीच्या, अझुलाच्या रूपात आयतं मिळालं. झुको आईवर गेलाय, दया येते त्याला, हाच त्याचा गुन्हा.

भाजकेशेंगदाणे:
मला वाटतं मूळ अजून मागे आहे. ओझाई स्वतः धाकटा, गादी थोरल्या भावाची, आयरोची. आयरोचा मुलगा युद्धात मारला गेला तर हा भावाचं सांत्वन करायचं सोडून बापाकडे गादी मागायला गेला, म्हातारा भडकला आणि म्हणाला आता तुझाही थोरला जाऊ दे, म्हणजे कळेल. आणि हा चक्क तयार!! झुकोची आई उर्सा मधे पडली म्हणून झुको वाचला. अशा माणसाकडून काय माया मिळणार.

चहाबिस्कुट:
अरे स्पॉयलर!! मी अजून पहिल्याच सीझनला आहे 😭

रातकिडा:
२००८ लाच संपलीय सिरीयल, आता कसला स्पॉयलर. बाकी ओझाई झुकोचं तोंड भाजतो तेव्हा आयरोने मान फिरवली ते बघितलंस का? परत बघ.