‘नोरा इनु’च्या शेवटी कुरोसावा कच खातो का?

रात्रपाळी (धागाकर्ता):
रविवारी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९४९ चा ‘नोरा इनु’, म्हणजे ‘भटका कुत्रा’, पुन्हा पाहिला. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: युद्धानंतरचं तोक्यो, जीव काढणारा उन्हाळा, खच्चून भरलेल्या बसमध्ये मुराकामी या नवख्या डिटेक्टिव्हचं (तोशिरो मिफुने) पिस्तूल मारलं जातं. आत सात गोळ्या. युसा नावाचा पोरगा त्याच पिस्तुलानं आधी लूट करतो, मग खून. मुराकामी आणि मुरलेला साटो (ताकाशी शिमुरा) त्याच्या मागावर. पुढे शेवट फोडला आहे, सांभाळून वाचा.

तक्रार अशी. मुराकामी आणि युसा दोघंही सैन्यातून परतलेले. परतताना दोघांचीही पिशवी चोरीला गेली. एक पोलिसात शिरला, दुसरा वाया गेला. दोन तास दिग्दर्शक हे आपल्याला टोचत राहतो आणि शेवटी इस्पितळात साटो पडल्या पडल्या सांगतो, होईल सवय, विसरशील त्याला. संपला सिनेमा! एवढा प्रश्न उभा करून अशी पाठ थोपटायची?

उसाचा रस:
साफ असहमत. ते साटो म्हणतो, कुरोसावा नाही. पोराच्या डोक्यातून युसा जात नाही म्हणूनच तर म्हाताऱ्याला समजूत घालावी लागते. खरा शेवट त्याआधीच झालाय, झाडीत. दोघं चिखलात लोळून इतके माखतात की पोलीस कोण नि चोर कोण, क्षणभर ओळखू येत नाही. बेड्या पडल्यावर शेजारी शेजारी पडून धापा टाकतात. पलीकडून पोरं गाणं म्हणत जातात आणि युसा गळा काढून रडतो. रडतो कसला, विव्हळतो. नाव उगाच नाही ठेवलेलं.

धाकटी पाती:
मला साटोच बरोबर वाटतो. युसासाठी हळहळणं सोपं आहे. मेलेल्या बाईचं काय? तिचा चेहराही धड दिसत नाही. तिचा नवरा तिनं लावलेले टोमॅटो रागानं चिरडतो, तेवढंच. माझे वडील पोलिसात होते. घरी केसबद्दल चकार शब्द काढत नसत. लहानपणी वाटायचं, दगड आहेत. आता वाटतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलेच नसते.

पिटातला:
शेवटाचं जाऊ द्या हो. फाटका वेश करून मुराकामी काळ्या बाजारात पिस्तूल शोधत हिंडतो, ती सात-आठ मिनिटं आधी कापा. संवाद नाही, नुसते पाय, घाम आणि गर्दी. मी चहा टाकून आलो, बाबा चालतोच आहे!

उसाचा रस:
@पिटातला, कापाल तर खबरदार! ते चित्रीकरण इशिरो होंडाचं, ज्यानं पुढे १९५४ साली ‘गोजिरा’, म्हणजे ‘गॉडझिला’, केला. काही ठिकाणी पायही मिफुनेचे नाहीत, होंडाचे आहेत. खऱ्या बाजारात जाऊन घेतलंय. चार वर्षांपूर्वी हरलेला देश कसा जगत होता, हे कुठल्या भाषणातून कळलं असतं?

रात्रपाळी:
बाजाराबद्दल रसशी सहमत. तिथलाच एक धागा मला सर्वात जास्त लागतो: पिस्तूल भाड्यानं मिळतं आणि तारण म्हणून ठेवायचं तांदळाचं रेशनकार्ड. पोटाचा कागद देऊन बंदूक! त्याच कार्डावरून युसाचं नाव पोलिसांना कळतं.

@धाकटी पाती, टोमॅटोचं मान्य, मी विसरलोच होतो. पण साटो मुरला तो वीसेक वर्षांच्या नोकरीत, बायकामुलांच्या घरात. मुराकामीजवळ तसं घर कुठे आहे? त्याला त्या रात्री साटोकडे बिअर प्यायला नेतात तेव्हा तो झोपलेल्या पोरांकडे बघत राहतो.

धाकटी पाती:
म्हणूनच म्हातारा त्याला घरी नेतो ना! विसरायचं कसं हे तोंडानं नाही शिकवत, पोरं दाखवतो.

आणि झाडीतलं एक राहिलं तुमचं. जवळच्या घरात कुणी बाई पियानो वाजवत असते. गोळी सुटते, ती थांबते, खिडकीतून डोकावते, आणि परत जाऊन वाजवू लागते.

पिटातला:
हे मी पाहिलंच नाही. तेव्हाही चहाच टाकत असणार. बरं, आज रात्री परत लावतो, बाजारासकट. पंखा पाचवर ठेवून.