मागील वर्षीचा प्राप्तिकराचा रिफंड अडकलेला असताना यंदाचे विवरणपत्र केव्हा भरावे?

प्रश्न : दांडियाबाजार_वडोदरा

माझ्या आईचे वय 74 आहे. वडिलांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन आणि दोन बँकांतील मुदत ठेवींचे व्याज एवढेच तिचे उत्पन्न. कर-निर्धारण वर्ष 2024-25 चे (म्हणजे आर्थिक वर्ष 2023-24 च्या उत्पन्नाचे) विवरणपत्र आम्ही जुलै 2024 मध्ये भरून लगेच ई-व्हेरिफायही केले. परंतु मे 2025 उजाडला तरी पोर्टलवर प्रक्रिया सुरू असल्याचेच दिसते आणि मदतवाहिनीवर वाट पाहण्यास सांगतात. रक्कम मोठी नसली तरी तिच्या औषधपाण्याच्या हिशेबात ती धरलेली होती. जुने प्रकरण निकाली निघण्याआधी यंदाचे विवरणपत्र भरता येते का, आणि विलंब टळावा म्हणून ते शक्य तितक्या लवकर भरणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर : निवृत्त_लेखापाल

दोन्ही वर्षांची प्रकरणे स्वतंत्र असल्याने यंदाचे विवरणपत्र अवश्य भरावे. मात्र मागील वर्षी कापलेला टीडीएस (बँकेने व्याजातून आधीच कापलेला कर) मिळाला नाही म्हणून यंदाच्या विवरणपत्रात पुन्हा मागू नये. तसे केल्यास तो फॉर्म 26एएसशी (पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणाशी) जुळणार नाही आणि दुसरेही प्रकरण अडकेल.

विवरणपत्रांवरील प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत कलम 143(1) ची सूचना (विवरणपत्र तपासून झाल्यावर कळवला जाणारा निकाल) पाठवण्याची मुभा कायद्याने विभागाला दिलेली आहे. म्हणजे आपल्या आईंच्या बाबतीत ही मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत आहे. औषधांसाठी पैसे लागणाऱ्या ज्येष्ठांना इतके थांबवणे मला मुळीच योग्य वाटत नाही, तरीही ई-निवारणमध्ये तक्रार नोंदवताना ही तारीख ध्यानात असलेली बरी. दिलासा एवढाच, की विवरणपत्र मुदतीत भरले असल्यास कलम 244ए नुसार कर-निर्धारण वर्षाच्या 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. फक्त रिफंड हा ठरलेल्या कराच्या 10 टक्क्यांहून कमी असता कामा नये. हे व्याज पुढे उत्पन्नात दाखवावे लागते, आणि बरेच जण नेमके तेच विसरतात.

आता घाईविषयी. बँकांना शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरण देण्यासाठी 31 मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म 16ए (टीडीएसचे प्रमाणपत्र) त्यानंतर, 15 जूनपर्यंत मिळतो. त्याआधी विवरणपत्र भरले, तर 26एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण) अपुरे असण्याची शक्यता फार मोठी. म्हणून मे महिना कागदपत्रे जुळवण्यासाठी ठेवावा व विवरणपत्र जूनच्या उत्तरार्धात भरावे. ज्या ठेवींचे व्याज मुदतीअखेर एकरकमी मिळते, त्यांचेही दर वर्षी साठलेले व्याज बँक एआयएसमध्ये कळवते. ते हाती आले नाही म्हणून सोडून देऊ नये. कुटुंब निवृत्तिवेतन हे पगाराखाली नव्हे, तर इतर स्रोतांखाली दाखवावे. त्यावर एक तृतीयांश किंवा नव्या करप्रणालीत 25,000 रुपये, जुन्या प्रणालीत 15,000 रुपये, यांपैकी कमी असेल तेवढी वजावट मिळते.

उत्तर : मांजलपूरकर

आईंचे बँक खाते पोर्टलवर वैध ठरलेले आहे का, हेही पाहून घ्यावे, कारण रिफंड केवळ अशाच खात्यात जमा होतो. आपल्याकडे गुजरातेत बँकेत नावापुढे 'बेन' किंवा 'भाई' लावून ठेवण्याची पद्धत आहे, आणि आपल्या मराठी घरांतील अनेकांच्या पासबुकावर ते तसेच चालत आले आहे; पॅनवर मात्र साधे नाव असते. एवढ्याशा फरकानेही पडताळणी अडते.

प्रश्नकर्ता

आपली सूचना अगदी योग्य ठरली. पासबुकावर आईच्या नावापुढे 'बेन' आहे, पॅन आणि आधारवर नाही, आणि पोर्टलवर पडताळणी अयशस्वी दिसते. बँकेत नावदुरुस्तीचा अर्ज दिला आहे.

उत्तर : निवृत्त_लेखापाल

दुरुस्ती झाल्यावर खाते पुन्हा वैध करून घ्यावे. मागील वर्षीच्या विवरणपत्रावरील प्रक्रिया पूर्ण होऊनही पैसे परत गेले, तर पोर्टलवरूनच रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती करता येते.

उत्तर : अलकापुरी_वाचक

मला वाटते, खरा उपाय रिफंडची वेळच येऊ न देण्याचा आहे. 1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एका बँकेतील वार्षिक व्याज एक लाख रुपयांच्या पुढे गेले तरच टीडीएस कापला जातो. पूर्वी ही मर्यादा 50,000 होती. शिवाय आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. आईंचे एकूण उत्पन्न त्या मर्यादेत असेल, तर दोन्ही बँकांत फॉर्म 15एच (कर लागत नसल्याने टीडीएस कापू नये, असे ज्येष्ठांचे घोषणापत्र) लगेच द्यावा आणि पोच घ्यावी. एका बँकेत दिलेला फॉर्म दुसरीला लागू पडत नाही.

उत्तर : निवृत्त_लेखापाल (28 मे 2025)

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने काल विवरणपत्राची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. तरीही आपण जूनचाच बेत कायम ठेवावा, कारण लवकर भरल्यास प्रक्रियाही लवकर सुरू होऊ शकते. मात्र जूनमध्ये भरा वा सप्टेंबरमध्ये, कलम 143(1) ची विभागाची मुदत दोन्ही बाबतींत 31 डिसेंबर 2026 हीच राहते. भरल्यानंतर 30 दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करावे आणि पोचपावती छापून आईंच्या फाइलमध्ये ठेवावी.